स्क्रीन मागे वळणारा लॅपटॉप घेताय? बिजागरी, टच, सेन्सर आणि पेन आधी समजून घ्या

बारावीचा निकाल लागून कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की घराघरांत लॅपटॉपचा विषय निघतो. तालुक्याच्या दुकानात गेलं की दुकानदार एखादं मशीन उघडतो, स्क्रीन मागे वळवत पार पाठीला टेकवतो आणि म्हणतो, "दादा, लॅपटॉप पण अन् टॅब पण, एकात दोन!" पोरं खूश होतात. पण खिशातले पैसे सोयाबीनच्या पट्टीचे नाहीतर उसाच्या बिलाचे असतात, आणि ते एकदाच खर्च होणार असतात. त्यामुळे ही वस्तू नेमकी काय आहे ते पैसे मोजण्याआधी समजून घेतलेलं बरं.

याला कन्व्हर्टिबल किंवा टू-इन-वन लॅपटॉप म्हणतात. तेवढ्याच ताकदीच्या साध्या लॅपटॉपपेक्षा हा सहसा महाग पडतो. जादा पैसे जातात ते चार गोष्टींना: बिजागरी, टच स्क्रीन, आतले सेन्सर आणि काही मॉडेलमध्ये पेन. बाकीचं सामान साध्या लॅपटॉपसारखंच असतं.

बिजागरी

स्क्रीन आणि कीबोर्ड जोडणारी बिजागरी हा या मशीनचा जीव. दुरुस्तीवाले तिला हिंज म्हणतात. साध्या लॅपटॉपची स्क्रीन ठरावीक कोनापर्यंतच मागे जाते. कन्व्हर्टिबलची पूर्ण ३६० अंशांत फिरते. लेनोव्हो कंपनीने २०१२ मध्ये योगा नावाचा असा लॅपटॉप आणला आणि त्यानंतर बहुतेक कंपन्यांनी ही पद्धत उचलली.

स्क्रीन किती वळवली त्यावर चार प्रकारे वापर होतो. नेहमीसारखी उघडली की लॅपटॉप. कीबोर्ड पालथा जमिनीकडे आणि स्क्रीन समोर ठेवली की स्टँड. उलट्या 'व्ही'सारखा उभा केला की तंबू. स्क्रीन पाठीला पूर्ण चिकटवली की टॅबलेट. व्हिडिओवरचा तास बघायला तंबू किंवा स्टँड सोयीचा, कारण जागा कमी लागते आणि कीबोर्डवर काही सांडत नाही.

याच बिजागरीवर सगळा ताण येतो. स्क्रीनचा एकच कोपरा धरून उघडायची सवय लागली की एका बाजूची बिजागरी जास्त ओढली जाते, स्क्रू सैल होतात आणि शेवटी कडेचं प्लॅस्टिक फाटतं. म्हणून स्क्रीन नेहमी मधोमध धरून हळू फिरवावी. मशीन उचलताना स्क्रीनला धरू नये, कीबोर्डच्या भागाला खालून दोन्ही हात लावावेत. बंद करण्याआधी कीबोर्डवर पेन्सिल, खडा, ज्वारीचा दाणा राहिला नाही ना, हे बघावं. एवढ्याशा दाण्यानेही काच तडकू शकते.

काही मशीनमध्ये बिजागरी फिरत नाही, कीबोर्डच सुटा होतो. मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो हा तसला प्रकार. असं मशीन घेताना कीबोर्ड किमतीत धरलाय की वेगळा घ्यावा लागेल, हे आधी विचारावं.

टच स्क्रीन

बोटाने चालणारी स्क्रीन मोबाईलसारखीच असते, पण आकाराने मोठी. बऱ्याच मॉडेलमध्ये वरची काच आणि आतला डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात. अशी काच फुटली तर नुसती काच बदलून भागत नाही, पूर्ण जोडच बदलावा लागतो आणि खर्च मोठा येतो. पुसताना मशीन बंद करावं, मऊ फडकं किंचित ओलं करून पुसावं. काचेवर थेट फवारा मारू नये, पाणी कडेने आत उतरतं.

सेन्सर

मशीन कोणत्या कोनात आहे हे आतल्या सेन्सरला कळतं. त्यावरून दोन गोष्टी आपोआप होतात, आणि नवीन माणूस नेमका इथेच घाबरतो.

पहिली: स्क्रीन साधारण १८० अंशांच्या पुढे गेली की कीबोर्ड आणि टचपॅड बंद पडतात. हा बिघाड नाही. टॅबलेटसारखं धरल्यावर मागच्या बाजूला बोटं लागून भलतंच टाइप होऊ नये म्हणून ही सोय असते. स्क्रीन पूर्ववत केली की कीबोर्ड चालू होतो. नाहीच झाला तर मशीन एकदा रिस्टार्ट करावं. लिहायचंच असेल तर स्क्रीनवरचा कीबोर्ड वापरता येतो, त्यात मराठीही घेता येते.

दुसरी: मशीन आडवं-उभं केलं की चित्रही फिरतं. ते नको असेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले असं जाऊन 'रोटेशन लॉक' चालू करावं. नेहमीच्या लॅपटॉप अवस्थेत हे बटण बऱ्याच मशीनमध्ये फिकट दिसतं आणि दबत नाही. स्क्रीन मागे वळवली की ते चालतं.

आणखी एक बारीक गोष्ट. झाकण बंद झालं की नाही हे बऱ्याच मशीनला चुंबकावरून कळतं. मोबाईलचं चुंबकवालं फ्लिप कव्हर कीबोर्डच्या कडेला ठेवलं तर मशीनला झाकण लागल्यासारखं वाटतं आणि स्क्रीन काळी होते. दुरुस्तीला नेण्याआधी मोबाईल बाजूला ठेवून बघावा.

पेन

टच स्क्रीन आहे म्हणजे पेन चालेलच असं नाही. रबरी टोकाचं स्वस्त पेन कुठल्याही टच स्क्रीनवर चालतं, पण ते फक्त बोटाचं काम करतं. स्क्रीनवर तळहात टेकवून वहीसारखं लिहायचं असेल तर 'ॲक्टिव्ह पेन' लागतं, आणि त्यासाठी स्क्रीनमध्येही वेगळी सोय असावी लागते. एका कंपनीचं पेन दुसऱ्या मशीनवर चालेलच याची खात्री नसते.

हे दुकानातच तपासता येतं. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाऊट उघडावं. तिथे 'पेन अँड टच' अशी ओळ असते. त्यात पेन आणि टच दोन्हींचा सपोर्ट लिहिला असेल तर पेन चालतं. नुसताच टच लिहिला असेल तर ॲक्टिव्ह पेनवर पैसे घालू नयेत. गणिताची रीत, आकृत्या, नकाशे काढणाऱ्यांना पेनचा खरा उपयोग होतो. नुसतं टाइप करणाऱ्यांना फारसा होत नाही.

कडेची बटणं आणि चार्जिंग

टॅबलेट केल्यावर कीबोर्ड पाठीमागे जातो, म्हणून काही मशीनमध्ये चालू-बंदचं आणि आवाजाचं बटण कडेला असतं. बॅगेत घालताना ते दाबलं जाऊन मशीन आतल्या आत चालू राहू शकतं. म्हणून प्रवासाआधी पूर्ण शटडाऊन करावं.

आता अनेक लॅपटॉप टाइप-सी पिनने चार्ज होतात. पण प्रत्येक टाइप-सी खाचेतून चार्जिंग होत नाही, काही फक्त डेटासाठी असतात. खाचेजवळची खूण किंवा माहितीपत्रक बघावं. मोबाईलचा चार्जर पिन बसली म्हणून लावू नये. त्याची ताकद कमी पडते, मशीन हळू चार्ज होतं किंवा होतच नाही.

लॅपटॉपचे चार्जर बहुतेक १०० ते २४० व्होल्टवर चालतात, पण गावात वीज येता-जाताना बसणारा झटका वेगळा. लाईट गेली की चार्जर बोर्डातून काढून ठेवावा. चार्जिंग चालू असताना धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर बोर्डाची अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावी.

हवा जाण्याची भोकं बऱ्याचदा तळाला असतात. गोधडीवर किंवा गादीवर ठेवलं की ती बुजतात आणि मशीन तापतं. खाली पाट किंवा जाड पुठ्ठा घ्यावा.

आतलं सामान

बऱ्याच पातळ कन्व्हर्टिबलमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, पण तेवढ्यावर काम रखडत चालतं. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेलंच घ्यावं. जुनं मशीन घेणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही.

दुकानातून निघण्याआधी

- स्क्रीन दोन-तीन वेळा पूर्ण फिरवावी. करकर आवाज, फट किंवा एका बाजूला ढिलेपणा नको.
- टेबलावर उघडून स्क्रीनला बोट लावावं. स्क्रीन फार वेळ झुलत राहिली तर बिजागरी कच्ची समजावी.
- बोटाने एखादं चित्र धरून स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांत ओढावं. कुठे अडकलं तर टच तिथे मेलेला आहे.
- बिजागरी वॉरंटीत येते का, ते लिहून मागावं. पडणं, फुटणं, पाणी जाणं हे साध्या वॉरंटीत सहसा येत नाही. त्याचं वेगळं संरक्षण विकत घ्यावं लागतं.
- सीरियल नंबर टाकलेलं जीएसटी बिल घ्यावं. त्याशिवाय तक्रार टिकत नाही. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

राहिला प्रश्न घ्यावा कुणी. पेनने लिहिणारे, चित्रं काढणारे, बैठकीत चार जणांना स्क्रीन दाखवणारे, यांना जादा पैशांचा मोबदला मिळतो. ऑनलाइन फॉर्म, टायपिंग, हिशेब आणि अभ्यासाचे व्हिडिओ एवढंच काम असेल तर साधा लॅपटॉप पुरतो. उरलेल्या पैशांत जास्त रॅम घेतली तर ती चार वर्षं उपयोगी पडेल. दुकानात स्क्रीन फिरताना बघायला छानच वाटते. घरी ती किती वेळा फिरणार, याचा हिशेब आधी करावा.