बर्फाच्या घरांतील दिवा

एकदां भूगोलाच्या तासास एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, “सर, बर्फाच्या घरांत दिवा लावला तर घर वितळून जाणार नाहीं काय?” सारा वर्ग हंसला. परंतु प्रश्न हंसण्याजोगा नव्हता. घर थोडेंसें वितळतें खरें, आणि वितळतें म्हणूनच तें अधिक बळकट होतें!

उत्तर ध्रुवाकडील ज्या लोकांस आपण पुस्तकांतून एस्किमो म्हणून ओळखतों, त्यांपैकीं कॅनडा व ग्रीनलंड येथील लोक स्वतःस इन्युइट म्हणवितात. त्यांच्या भाषेंत इग्लू म्हणजे कोणतेंही घर. हिमाचा घुमट मुख्यत्वें कॅनडाच्या आर्क्टिक प्रदेशांतील लोक हिवाळ्यांत बांधीत. उन्हाळ्यांत ते कातड्याच्या तंबूंत राहत. आज ते तुमच्या आमच्यासारखे पक्क्या घरांत राहतात, तरी चित्रकारांनीं त्यांस घुमटांतून अद्याप बाहेर येऊं दिलेलें नाहीं.

या घरास गोठलेल्या पाण्याचा बर्फ चालत नाहीं. वाऱ्यानें दडपून घट्ट झालेलें हिमच लागतें. त्याच्या कणांमध्यें हवा कोंडलेली असते, व ती घोंगडीप्रमाणें ऊब राखते. हाडाच्या किंवा हस्तिदंती सुरीनें ठोकळे कापून ते मळसूत्राप्रमाणें चढत्या, आंत कलत्या ओळींत रचितात. निष्णात माणसें तासाभरांत घर उभें करीत. साखळी दोन्ही टोकांस धरून सैल सोडली म्हणजे तिला जो झोक येतो, तोच उलटा केला कीं या घुमटाचा आकार होतो. त्यामुळें भार ठोकळ्यांतून सरळ खालीं उतरतो व भिंती बाहेर फुगत नाहींत.

आंत मऊ दगडाच्या पसरट दिव्यांत सीलची चरबी जळते. भिंतीचा आंतला थर किंचित् वितळून पुनः गोठतो, आणि सर्व सांधे जणूं कांचेनें लिंपले जातात. निजण्याचा ओटा उंच व दार खालीं असल्यामुळें थंड हवा खालींच राहते. बाहेर शून्याखालीं चाळीस अंश असतां आंत पाणी गोठत नाहीं, इतकी ऊब राहूं शकते. मात्र वरील झरोका हिमानें बुजला तर दिव्याचाच विषारी वायु आंत कोंडून प्राण घेऊं शकतो.

हिमवादळापासून हें घर राखी. परंतु त्या प्रदेशांतील सर्वच संकटें आकाशांतून येत नाहींत. १६ सप्टेंबर २०२३ रोजीं पूर्व ग्रीनलंडमधील डिक्सन नांवाच्या अरुंद खाडींत डोंगराचा कडा कोसळला. पायथ्याची हिमनदी पातळ होत गेल्यानें त्याचा आधार सुटला होता. सुमारें दोनशें मीटर उंच लाट उठली, आणि खाडींतील पाणी असें हेलकावत राहिलें कीं पृथ्वीवरील भूकंपमापक यंत्रांनीं तें स्पंदन नऊ दिवस नोंदलें! सुदैवानें तेथें वस्ती नव्हती.

पश्चिम किनाऱ्यावरील कराट खाडींत मात्र होती. १७ जून २०१७ रोजीं तेथेंही कडा ढासळला. सील व मासे समुद्रांतच मिळतात, म्हणून या लोकांचीं गांवें पाण्याच्या कांठींच असतात. नुगात्सिआक गांवांतील अकरा घरें लाटेनें ओढून नेलीं व चार माणसें मरण पावलीं. उरलेल्यांस, तसेंच शेजारच्या इलोर्सुइत गांवच्या लोकांसही, अन्यत्र हलविण्यांत आलें. कारण वरचा डोंगर अजून सैल आहे. तीं दोन्ही गांवें तेव्हां रिकामीं झालीं.