वेरूळच्या कैलासाचे आजोळ: कांचीपुरम

महाराष्ट्रातून दक्षिण यात्रेला निघणाऱ्या बसगाड्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत कांचीपुरमच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. तिरुपती उरकलेली असते, रामेश्वर खुणावत असते आणि मध्ये कुठेतरी कांची बसवायची असते. मग कामाक्षीचे दर्शन, एकांबरेश्वरापुढे हात जोडणे आणि उरलेला सगळा वेळ रेशमी साड्यांच्या दुकानात. बरेचदा दुकानातला वेळ देवळातल्या वेळेपेक्षा जास्त भरतो, पण तो हिशेब कोणी मांडत नाही. या घाईत गावाच्या पश्चिम टोकाच्या एका देवळाला हमखास फाटा दिला जातो. तिथे फारशी गर्दी नसते, मोठे गोपूर नसते आणि नवसाला पावणारा देव म्हणून त्याचा बोलबालाही नाही. मराठी माणसाने कांचीत पाऊल ठेवल्यावर सगळ्यात आधी जावे ते मात्र तिथेच. ते देऊळ म्हणजे कैलासनाथ.

त्याचे कारण वेरूळमध्ये आहे. पल्लव आणि बदामीचे चालुक्य यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे. इ.स. ६४२ मध्ये पल्लव राजा नरसिंहवर्मन मामल्ल याने थेट बदामीवर चाल करून ती घेतली आणि दुसऱ्या पुलकेशीच्या वैभवाला दृष्ट लागली. महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा याच पुलकेशीच्या अमलाखाली होता. पुढे शंभरएक वर्षांनी, आठव्या शतकाच्या पूर्वार्धात, चालुक्यांच्या दुसऱ्या विक्रमादित्याने उट्टे काढले आणि तो कांचीत शिरला. अशा वेळी जेत्याने राजधानी जाळावी, देवळातले सोने गाड्यांवर लादावे, हाच रिवाज. विक्रमादित्याने राजसिंहेश्वराचे, म्हणजे आजच्या कैलासनाथाचे, धन पाहिले आणि ते देवाला परत देऊन टाकले. ही गोष्ट चालुक्यांच्या भाटांनी दरबारात बसून रचलेली नाही. तसा कन्नड लेख याच देवळाच्या मंडपातल्या खांबावर कोरलेला आहे. शत्रूच्या राजधानीत, शत्रूच्याच देवळात, स्वतःच्या भाषेत!

त्याने सोने नेले नाही, पण हे देऊळ डोळ्यांत साठवून नेले असावे. त्याची राणी लोकमहादेवी हिने कांचीवरच्या विजयाच्या स्मरणार्थ पट्टदकलला जे देऊळ बांधवले ते आज विरूपाक्ष म्हणून ओळखले जाते, आणि त्याच्यावर कैलासनाथाची छाया उघड दिसते. पुढे काही वर्षांतच राष्ट्रकूटांनी चालुक्यांचे राज्य घेतले. त्यांच्या पहिल्या कृष्णाने वेरूळला डोंगर वरून खाली कोरत कैलास उभा केला, तेव्हा पट्टदकलचा विरूपाक्ष समोर होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कांची, पट्टदकल, वेरूळ अशी ही तीन पिढ्यांची नाळ आहे. शाळेच्या सहलीत वेरूळ पाहिलेल्या माणसाला कांचीच्या प्राकारात शिरताच काहीतरी ओळखीचे वाटते ते त्यामुळे.

कैलासनाथ बांधले दुसऱ्या नरसिंहवर्मनाने. राजसिंह हे त्याचे बिरुद. बिरुदांची त्याला भारी हौस. ओवऱ्यांच्या भिंतींवर ती ओळीने, आणि तीही वेगवेगळ्या वळणांच्या लिप्यांत कोरून ठेवली आहेत. त्याच्या आधीच्या पल्लवांनी महाबलीपुरमला खडक कोरून रथ आणि लेणी केली होती. राजसिंहाने चिऱ्यावर चिरा ठेवून बांधायला घेतले. महाबलीपुरमचे समुद्राकाठचे देऊळही त्याचेच. आठव्या शतकाच्या आरंभीचे हे बांधकाम तमिळ मुलखातल्या मोठ्या दगडी देवळांमधले पहिल्या फळीतले. पाया ग्रॅनाइटचा, वरचा भाग वालुकाश्माचा. त्या दगडाचा गुण असा की छिन्नीला तो मऊ लागतो, आणि अवगुणही तोच. तेराशे वर्षांच्या पावसाने त्याचे कण कण झडले आहेत.

त्या झडण्यावर नंतरच्या लोकांनी उपाय केला तो चुन्याच्या गिलाव्याचा. सिंहांना नवे जबडे आले, द्वारपालांना नवी नाके आली. काही सिंहांचे डोळे इतके बटबटीत झाले आहेत की पल्लवांच्या शिल्पकाराने ते ओळखलेही नसते. पण जिथे गिलावा गळून पडला आहे तिथे थांबावे. गुडघ्याची वळणे, कमरेची मुरड, खांद्यावरून उतरलेले वस्त्र, सगळे अजून जागेवर आहे. मुख्य देवळाभोवतीच्या प्राकाराच्या भिंतीत आतल्या बाजूने ५८ छोट्या देवळ्या आहेत आणि त्यांच्या अधूनमधून मागच्या पायांवर उभे ठाकलेले सिंह. काही देवळ्यांत वाकून आत पाहिले तर भिंतीवर रंग दिसतो: तांबड्या-पिवळ्या रेषांतला अर्धा चेहरा, एक हात, मुकुटाचा तुकडा. ही चित्रे १९३१ च्या सुमारास जुव्हो-दुब्रय या फ्रेंच अभ्यासकाच्या नजरेला पडली. अजिंठा पाहिलेल्यांना ती फारच तुटपुंजी वाटतील. दक्षिणेत मात्र इतकी जुनी चित्रे बोटांवर मोजण्याइतकीच.

गाभाऱ्यात सोळा पैलूंचे लिंग आहे आणि त्यामागे शिव, पार्वती आणि मध्ये बाळ स्कंद असा शिल्पपट. पल्लवांचा हा लाडका विषय. गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेचा एक अरुंद बोळ आहे. त्यात शिरायचे तर भोकातून रांगत जावे लागते आणि बाहेरही तसेच यावे लागते. जो पार पडला त्याला पुनर्जन्म नाही, अशी श्रद्धा. पोट सुटलेल्यांनी मोक्षाचा विचार जरा जपून करावा.

या देवळाच्या कुंभाभिषेकाची एक कथा तमिळ शैव परंपरेत सांगतात, ती वारकऱ्यांच्या मुलखात सहज पटेल. तिरुनिन्रवूरला पूसलार नावाचा एक भक्त होता. देऊळ बांधायचे म्हणून तो दारोदार फिरला, पण गाठीला पैसा जमला नाही. मग त्याने मनातच बांधकाम काढले. मुहूर्त पाहून पाया खणला, चिरे रचले, कळस चढवला आणि प्रतिष्ठेचा दिवस ठरवला. नेमका तोच दिवस पल्लव राजाने कांचीच्या देवळासाठी धरला होता. शिव राजाच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, उद्या मला पूसलारच्या देवळात जायचे आहे, तू तुझा मुहूर्त पुढे ढकल. राजा ते देऊळ शोधत गेला, तर गावात कोणालाच पत्ता नव्हता. एवढे मोठे दगडी देऊळ बांधणाऱ्या राजाला दुसरा नंबर देणारी ही कथा राजाच्याच देवळाला चिकटून राहिली आहे.

कैलासनाथानंतर पाहावे ते वैकुंठ पेरुमाळ, पण तिथेही यात्रेकरू विरळाच. राजसिंहानंतर थोड्याच काळाने पल्लवांची मूळ शाखा खुंटली आणि दुसऱ्या शाखेतला एक पोरसवदा मुलगा निवडून गादीवर आणला गेला. तोच दुसरा नंदिवर्मन. त्याने बांधलेल्या या विष्णुमंदिरात एकावर एक तीन गाभारे आहेत, आणि त्यांत बसलेला, पहुडलेला व उभा असा विष्णू. सिंहांच्या खांबांची ओवरी चहूबाजूंनी फिरते आणि तिच्या भिंतीवर पल्लव घराण्याचा इतिहास ब्रह्मदेवापासून नंदिवर्मनाच्या राज्याभिषेकापर्यंत दगडात मांडला आहे. निवडून आलेल्या राजाला आपली वंशावळ भिंतीवर लावायची गरज पडली, यात नवल काही नाही.

आता गर्दीची देवळे. एकांबरेश्वराचे पंचमहाभूतांपैकी पृथ्वीतत्त्वाचे लिंग आहे आणि ते वाळूचे मानले जाते, म्हणून लिंगावर पाण्याचा अभिषेक होत नाही. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने १५०९ मध्ये बांधलेले त्याचे राजगोपूर १९० फुटांच्या आसपास उंच आहे आणि गावात कुठूनही दिसते. आतल्या आंब्याच्या झाडाचे वय साडेतीन हजार वर्षे सांगतात आणि त्याच्या चार फांद्यांना चार चवींचे आंबे लागतात असेही सांगतात. विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. गावातल्या शिवमंदिरांत देवीचा वेगळा गाभारा नसतो. सगळ्यांची मिळून एकच देवी, ती कामाक्षी. पद्मासनात बसलेली, हाती उसाचे धनुष्य. तिची सोन्याची मूर्ती, बंगारू कामाक्षी, आक्रमणांच्या धामधुमीत कांचीतून हलवली गेली आणि गावोगाव फिरत शेवटी तंजावरला मराठा राजांच्या आश्रयाला स्थिरावली. ती परत आलीच नाही. कर्नाटक संगीतातले श्यामा शास्त्री हे त्याच मूर्तीच्या पुजाऱ्यांच्या घराण्यातले.

वरदराज पेरुमाळाचे देऊळ गावाच्या पूर्वेला, विष्णुकांचीत. रामानुजाचार्यांचा उमेदीचा काळ इथला. औरंगजेबाच्या फौजा दक्षिणेत उतरल्या तेव्हा, छत्रपती राजाराम महाराज जिंजीला येण्याच्या आगेमागे, वरदराजाची उत्सवमूर्तीही उडैयारपाळयमच्या जंगलात लपवली गेली होती आणि १७१० मध्ये परत आणली गेली. इथला शंभर खांबांचा म्हणवला जाणारा मंडप विजयनगर काळातला. त्याच्या छताच्या कोपऱ्यांवरून दगडी साखळ्या लोंबतात. सांधा कुठे दिसतो का म्हणून कड्यांवरून नजर फिरवावी, तर सांधा नाहीच, अख्खी साखळी एकाच दगडातली. बाजूच्या तळ्यात अत्ती वरदर, म्हणजे उंबराच्या लाकडाचा वरदराज, पाण्याखाली असतो आणि चाळीस वर्षांनी एकदा बाहेर येतो. २०१९ मध्ये १ जुलै ते १७ ऑगस्ट असे ४८ दिवस तो दर्शनाला होता. तेव्हा कोटीभर लोक लोटले असे सांगतात. आता २०५९.

या देवळाचा प्रसाद म्हणजे कांचीपुरम इडली. मिरी, जिरे, सुंठ आणि तूप घातलेले पीठ बांबूच्या लांबट टोपलीत मंदारैच्या पानांवर ओतून वाफवतात. मंदारै म्हणजे आपल्या आपट्या-कांचनाच्या कुळातले पान. त्याचा वास इडलीत उतरतो. उडुप्याकडच्या पांढऱ्याशुभ्र इडलीची अपेक्षा ठेवून कोणी ही मागवू नये, निराशा होईल.

आणि साडी. ती घ्यायला हरकत नाही, पण आधी माग पाहावा. पिळ्ळयारपाळयमसारख्या विणकरांच्या वस्तीत घराघरांतून खड्डामागाचा खटखटाट ऐकू येतो. अस्सल कांजीवरमचा काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणतात आणि प्रत्येक ओळीला ते एकमेकांत अडकवतात. दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे चालतात, म्हणून मागावर विणकराच्या जोडीला मदतनीस लागतो. काठ ओढून पाहिला आणि अंगाचे कापड फाटायला आले तरी सांधा सुटत नाही, अशी या जोडाची ख्याती. रेशीम बहुतांश कर्नाटकातून येते, जर सुरतेहून. एवढ्या खटाटोपाची साडी हजार-दोन हजारांत कशी मिळेल? रस्त्यावर खुणावून बोलावणारा दलाल तेच सांगतो, म्हणून त्याच्या मागे जाऊ नये.

याच देवळांच्या गावात १९०९ मध्ये सी. एन. अण्णादुरै जन्मले. द्रविड चळवळीचे हे पुढारी पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांचे घर आता स्मारक आहे. गावाबाहेर तिरुपरुत्तिकुन्रमला जैनांची कांची आहे. तिथल्या देवळाचा संगीत मंडप १३८७ मध्ये विजयनगरचा अधिकारी इरुगप्प याने बांधला. मंडपाच्या छतावर तीर्थंकरांच्या चरित्राची चित्रे आहेत. सातव्या शतकात ह्युएनत्सांग आला तेव्हा इथे बौद्ध विहारही भरभराटीत होते. त्यांचा मागमूस आज शोधावा लागतो.

मुंबई–चेन्नई मार्गावरच्या अरक्कोणमला उतरले तर कांची तासाभराच्या अंतरावर आहे. चेन्नईहून ती पाऊणशे किलोमीटर पडते. मुक्काम निदान एका रात्रीचा ठेवावा. पहिली सकाळ कैलासनाथाला द्यावी, कारण पूर्वाभिमुख देवळावर तेव्हाच तिरपे ऊन असते आणि सिंहांच्या आयाळी उठून दिसतात. दुपारी बारा ते चार इथली बहुतेक देवळे बंद असतात. साडी तेव्हा घ्यावी.