संगणकाचा चोरदरवाजा

हुबळी-धारवाडच्या वकील-व्यापाऱ्यांची दप्तरे आता संगणकात आहेत. त्याच्या मागच्या दाराची काळजी मात्र क्वचितच कोणी वाहतो. एल्गार परिषद खटल्यातील आरोपी रोना विल्सन यांनी जून २०१६ मध्ये परिचिताच्या खात्यावरून आलेली फाइल उघडली आणि 'नेटवायर' आत शिरले. टंकलेली अक्षरे ते टिपू लागले. २२ महिने परक्या हाताचा ताबा राहिला व त्यानेच कागदपत्रे पेरली, असे अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगचा २०२१ चा अहवाल सांगतो. तपासयंत्रणेस तो अमान्य आहे. निवाडा न्यायालयाने करावा. विचारल्यावाचून फाइल उघडू नये, हा व्यवहाराचा धडा. न्यायाचा धडा मोठा आहे: धन्याच्या नकळत परका जेथे लिहू शकतो, तेथे 'संगणकात सापडले' एवढ्यावरच कोणास दोषी धरणे आम्हांस अन्यायाचे वाटते.