शेवाळाचा बंदोबस्त

मुंबईत वाढलेल्या माझ्या पिढीतील पुष्कळांची समुद्राच्या पोटातल्या जगाशी पहिली ओळख चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयात झाली. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडलेले ते मत्स्यालय आता बंद झाले आहे. परंतु काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या मुलाच्या मनात जे एकदा शिरले, ते सहसा बाहेर पडत नाही. सरकारी नोकरीच्या ओघात बदली होऊन मी बंगळुरास आलो आणि चाळिशी उलटल्यावर, मुलीच्या हट्टाचे निमित्त करून, घरात दोनशे लिटरांची खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडली. हट्ट तिचा होता असे मी सांगतो. घरातील मंडळींचे मत निराळे आहे.

मुंबईच्या मत्स्यालयासमोर रस्ता ओलांडला की समुद्र होता. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवर. पूर्वेचा काय किंवा पश्चिमेचा काय, कोणताही किनारा रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. येथे समुद्र हाताने करावा लागतो. लिटरामागे सुमारे पस्तीस ग्रॅम तयार सागरी मीठ, म्हणजे माझ्या पेटीस सात किलो, गोड्या पाण्यात विरघळवायचे. ते गोडे पाणी तरी कोठले? कावेरीचे. शंभर किलोमीटरांवरून, सुमारे पाचशे मीटरांचा चढ पंपांनी चढवून ते या शहरात आणले जाते. ते कमी पडले की खोल विंधणविहिरीचे. मी नळ सोडला, मीठ ढवळले, खडक रचले आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊन मासे सोडले. तीन आठवड्यांत खडकांवर तपकिरी साय धरली, दोन महिन्यांत हिरवे केस उगवले आणि चौथ्या महिन्यात तर आतले मासे शोधावे लागू लागले.

खाऱ्या पाण्याची पेटी ठेवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला या वाटेने जावे लागते. प्रथम येतात ते डायटम. त्यांचे कवच सिलिकेचे असते, त्यामुळे नळाच्या वा विहिरीच्या पाण्यातून आलेल्या सिलिकेवर ते पोसतात आणि ती सरली की बहुधा आपोआप ओसरतात. नंतर हिरवे केसाळ शेवाळ. आणि पुष्कळदा त्यानंतर तांबूस-जांभळा, बोटाने सोलून निघेल असा बुळबुळीत पापुद्रा. हा तर खरे पाहता शेवाळच नव्हे, तो सायनोबॅक्टेरिया नावाचा जीवाणू. पण उपद्रवाच्या दृष्टीने त्याला शेवाळांच्या पंक्तीला बसवण्यास कोणाची हरकत नसावी.

माझ्या हातून जी चूक घडली ती सांगितलीच पाहिजे. एका दुकानदाराने शेवाळनाशक औषधाची बाटली दिली. गोड्या पाण्याच्या टाक्यांसाठीचे ते औषध. त्यात तांबे होते. शेवाळावर तांबे चालते यात संशय नाही. परंतु गोगलगायी, कोळंब्या आणि एकूणच पाठीचा कणा नसलेल्या सागरी प्राण्यांना ते अत्यल्प मात्रेतही घातक ठरते. दोन दिवसांत माझ्या सातही गोगलगायी तळाशी उलथ्या पडल्या. मग मेलेले शेवाळ कुजू लागले, कुजताना त्याने पाण्यातला प्राणवायू ओढून घेतला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे दोहोंपैकी एक मासा गेला. मुलीने मला एकच प्रश्न विचारला : "बाबा, बाटलीवर काय लिहिलंय ते तुम्ही वाचलं नव्हतं का?" दिवसभर दुसऱ्यांच्या टिपणांवर 'नीट वाचून सादर करावे' असे शेरे मारणाऱ्या माणसापाशी या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्याहून वाईट म्हणजे तांबे खडकांत शिरून बसते आणि पुढे हळूहळू झिरपत राहते. ते सारे खडक टाकून द्यावे लागले.

त्यानंतर मात्र मी वाचू लागलो. शेवाळ हा मूळ रोग नव्हे, हे प्रथम ध्यानात आले. शेवाळाला प्रकाश, नत्र आणि स्फुरद एवढेच हवे असते; आणि पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट या रूपांनी ती दोन्ही खाद्ये आपणच पुरवीत असतो. प्रवाळांचे समुद्र स्वच्छ निळे दिसतात, कारण ते जवळजवळ उपाशी असतात. तेथे ही द्रव्ये इतकी थोडी असतात की सोडले तर गिळले जाते. आणि आपण काय करतो? माशांना दिवसातून तीनदा खाऊ घालतो, त्यातला निम्मा तळाशी जातो. बंगळुराच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडते. मीठ मागे राहते म्हणून ती तूट गोड्या पाण्याने भरून काढावी लागते. ही भर नळाच्या पाण्याची असेल तर त्यातील द्रव्ये दर आठवड्यास साचत जातात. शहरातील पुष्कळ विंधणविहिरींत सांडपाणी झिरपून नायट्रेट वाढलेले आहे, ही गोष्ट वेगळीच.

आता एक चमत्कारिक अनुभव. पेटी हिरवीगार झालेली असताना मी पाण्याची तपासणी केली, तर फॉस्फेट शून्य! मी तपासणीच्या साहित्याला दोष दिला. वास्तविक ती तपासणी बरोबर होती. एखाद्या खात्याची शिल्लक वर्षअखेरीस शून्य दिसते, त्याचा अर्थ त्या खात्याला पैसा मिळाला नाही असा होत नाही. आला तसा खर्च झाला, इतकाच होतो. पाण्यात उतरलेले फॉस्फेट शेवाळ तत्काळ उचलीत होते. शिवाय चुनखडीचे खडक फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातले कमी झाले की साठवलेले परत सोडतात. म्हणून योग्य उपाय सुरू केल्यावरही महिना-दोन महिने काहीच फरक दिसत नाही, आणि नेमक्या याच काळात माणूस अधीर होऊन औषधाच्या बाटलीकडे हात नेतो.

उपायांपैकी पहिला अगदी सामान्य : हाताने उपटणे. उपटलेल्या शेवाळाबरोबर त्याने खाल्लेले नत्र आणि स्फुरदही पेटीबाहेर जाते. मारलेले शेवाळ मात्र ते पुन्हा पाण्यातच सोडते. दुसरा म्हणजे झिल्लीतून गाळलेले शुद्ध पाणी. आठवड्यास दहावा भाग पाणी बदलावे. परंतु यावर फार भिस्त ठेवू नये. लिटरास चाळीस मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर एका बदलाने ते छत्तीसवर येते, तेवढ्यात नवे साचते. खाणे निम्म्यावर आणावे, दिवा आठ तासांवर. फॉस्फेट शोषण्यासाठी लोहाच्या ऑक्साइडाचे खडे, म्हणजे साध्या भाषेत गंजच, पिशवीत घालून पाण्याच्या वाटेत टांगतात. पण द्रव्ये पार शून्यावर नेण्याचा अट्टाहासही नडतो. अशा उपाशी पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाचे तपकिरी, बुडबुड्यांचे तंतू माजतात आणि ते केसाळ शेवाळापेक्षा चिवट.

काट्याने काटा काढण्याचाही एक मार्ग आहे. बाजूच्या निराळ्या टाकीत, निराळ्या दिव्याखाली, निरुपद्रवी शेवाळ मुद्दाम वाढवावे आणि भाजी खुडावी तसे ते दर पंधरवड्यास खुडून टाकावे. ज्या अन्नावर पेटीतला उपद्रव पोसला असता, ते हे खाऊन टाकते. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी याच तत्त्वावर शेवाळाच्या गालिच्यांनी पाणी शुद्ध करण्याची पद्धत बसवली.

परंतु मला सर्वांत आवडलेले यंत्र फेसाचे आहे. एका उभ्या नळकांड्यात पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात. प्रथिनांसारख्या द्रव्यांचे रेणू हवा आणि पाणी यांच्या सीमेवर चिकटून बसतात, बुडबुड्यांबरोबर वर चढतात आणि त्यांचा घट्ट तपकिरी फेस वरच्या वाटीत जमतो. घाण कुजून नत्र व्हायच्या आधीच ती बाहेर पडते. वाटीला दुर्गंधी येते, पण पाणी स्फटिकासारखे होते.

बंगळुरात राहणाऱ्याला हा फेस पाहून दुसरा फेस आठवल्यावाचून राहत नाही. शहरातील सर्वांत मोठा तलाव बेळ्ळंदूरचा. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळीही हे शहर नदीवाचून, तळ्यांच्या साखळीवर जगत होते. त्या साखळीतील तलावांत पुढे सांडपाणी आणि साबणांचे पाणी येऊन पडू लागले. बेळ्ळंदूरच्या सांडव्यावरून पाणी कोसळताना तेथे माझ्या नळकांड्यातल्यासारखाच फेस होई. परंतु तो टिपायला वाटी नव्हती. तो उडून रस्त्यावर, वाहनांवर पडे. २०१५च्या मे महिन्यात त्या फेसाने पेट घेतला, आणि २०१७च्या फेब्रुवारीत तलावातून पुन्हा धूर उठला. नत्र आणि स्फुरद यांवर तेथे जलपर्णी माजली. माझ्या पेटीत जे चार महिन्यांत झाले, तेच तेथे काही दशकांत झाले होते.

खुद्द समुद्रातही हे घडते. हवाई बेटांतील कानेओहे उपसागरात सांडपाणी सोडत असत, तेव्हा हिरव्या फुग्यांसारख्या शेवाळाने तेथील प्रवाळ गुदमरवले. १९७७-७८मध्ये ते पाणी दूर वळवल्यावर शेवाळ घटले. जमैकात मात्र दोष केवळ अन्नाचा नव्हता. तेथील शेवाळ चरणारे मासे माणसांनी आधीच पकडून संपवले होते. राखण काय ती डायाडेमा नावाच्या लांब काट्यांच्या अर्चिनांवर होती. १९८३च्या साथीत ती अर्चिने मेली आणि सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस निम्म्याहून अधिक तळ व्यापणारे प्रवाळ दहा-पंधरा वर्षांत पाच टक्क्यांच्याही खाली गेले. जागा शेवाळाने घेतली. तेव्हा पेटीत गोगलगायी ठेवाव्या लागतात त्या शोभेसाठी नव्हेत.

आपल्याकडेही मन्नारच्या आखातात, लागवडीसाठी आणलेले काप्पाफायकस हे परदेशी समुद्रशेवाळ कुरुसडै बेटाजवळच्या जिवंत प्रवाळांवर पसरल्याचे २००८ साली नोंदले गेले. आणि तरीही शेवाळ हा प्रवाळाचा जन्मजात वैरी आहे असे म्हणवत नाही. प्रवाळाच्या स्वतःच्या पेशींत एकपेशी शेवाळ राहते, उन्हातून साखर बनवते आणि यजमानाला पोसते. पाणी फार तापले की हा भाडेकरू निघून जातो, प्रवाळ पांढरे पडते आणि पुष्कळदा उपासाने मरते.

माझ्या पेटीत जिवंत पोवळे नाही, हे येथे सांगून टाकतो. खडकबांधे प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. एका विक्रेत्याने मला कापडात गुंडाळलेला एक ओला दगड हळूच दाखवला होता. त्यावर फिकट हिरवे, मिटलेले पोवळे होते. "साहेब, तुमच्यासाठी म्हणून ठेवलाय," तो म्हणाला. एक क्षण, मी कबूल करतो, माझी नजर त्यावर खिळली. मी नको म्हणालो आणि परतलो. पण तो दगड पुढे कोणाच्या घरी गेला असेल हा विचार अजून मनातून जात नाही. मला खडक हवे होते ते सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा कालवून मीच ओतले, आणि महिनाभर पाण्यात मुरवून त्यांचा चुना जाऊ दिला.

आता पेटीला दोन वर्षे झाली. काचेवर हिरवट पुसट थर येतोच. मुलगी रविवारी जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने तो खरवडते. पाठीमागच्या खडकाच्या एका कोपऱ्यात केसाळ शेवाळाचा रुपयाएवढा ठिपका आम्ही मुद्दाम ठेवला आहे. तो वाढू लागला की आदल्या आठवड्यात कोणी तरी माशांना जास्त खाऊ घातला असे समजावे. आणि तो कोणी घातला, हे तिच्या आजीला विचारावे.