उपोसथ आणि थ्रेडची प्रतीक्षा

विनयपिटकाच्या महावग्गात उपोसथाचा एक कडक नियम आहे. सीमेतील संघ अपुरा असताना उपोसथ करता येत नाही. आजारी भिक्खूने आपली पारिसुद्धी दुसऱ्या भिक्खूमार्फत कळवावी. तेही शक्य नसेल तर त्याला मंचासह संघात आणावे, आणि हलवणे धोक्याचे असेल तर संघानेच त्याच्याकडे जावे. आपल्या वसतिगृहातून शिकून पुण्याच्या कंपन्यांत गेलेली मुले नेमके काय करतात, असे पणदरे परिसरातील पालक विचारतात. त्या कामातील एक मूलभूत व्यवहार आम्हांला या नियमाच्या आधारे सांगावासा वाटतो.

प्रोग्रॅम एकाच वेळी अनेक कामे करू लागला की त्यातील प्रत्येक कामाच्या प्रवाहाला थ्रेड म्हणतात. पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये सिद्ध केलेला परम 8000 हा महासंगणकही एकच प्रश्न अनेक प्रोसेसरांत वाटून सोडवीत असे. वाटणे सोपे, जमवणे अवघड.

समजा, तीन थ्रेड तीन तुकड्यांचे गुण मोजत आहेत आणि त्यांवरून मुख्य थ्रेडला शिष्यवृत्तीची यादी करायची आहे. एकाला 4, दुसऱ्याला 9, तिसऱ्याला 6 सेकंद लागतात. मुख्य थ्रेडने पाचव्या सेकंदालाच यादी छापली, तर दोन तुकड्यांतील मुले शिष्यवृत्तीला मुकतील आणि संगणक त्याची वाच्यताही करणार नाही. सी भाषेत तर मुख्य फंक्शन संपताच उरलेले थ्रेडही अर्ध्यावर नष्ट होतात.

यावर उपाय म्हणजे 'जॉइन'. मुख्य थ्रेड प्रत्येकाला जॉइन करतो, म्हणजे तो संपेपर्यंत स्वतः निद्रिस्त राहतो. तिघे खरोखर समांतर चालत असतील तर प्रतीक्षा 19 नव्हे, 9 सेकंदांचीच होते. क्रम कोणताही असो. नवखे प्रोग्रॅमर त्याऐवजी 'दहा सेकंद थांब' असे लिहितात. यंत्रावर भार वाढला की अकराव्या सेकंदाला आलेले गुण बाहेर राहतात. सारखे 'झाले का?' विचारत राहणेही बरे नव्हे. त्यात प्रोसेसरचा वेळ व्यर्थ जातो. दोन थ्रेड परस्परांची वाट पाहू लागले, तर दोघेही अडकून पडतात.

मात्र जॉइन केवळ 'संपला' एवढेच सांगतो. जावात वा पायथनमध्ये थ्रेड मध्येच चूक होऊन कोसळला तरी जॉइन परततो. उपस्थिती झाली, पारिसुद्धी राहिली! म्हणून प्रत्येक थ्रेडकडून गुणांसोबत मोजलेल्या विद्यार्थ्यांची संख्याही मागवावी, आणि ती पटाशी जुळली तरच यादी छापावी.