दूरस्थ संगणक जोडणीतील अडथळे आणि त्यांचे निदान : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या संदर्भात

गोषवारा

एका ठिकाणी बसून दुसऱ्या ठिकाणचा संगणक चालविण्याची सुविधा देणारी रिमोट डेस्कटॉप सॉफ्टवेअर आता महाविद्यालयीन प्रशासनाचा भाग झाली आहेत. चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत मात्र ही जोडणी वारंवार खंडित होते. अशा वेळी बहुधा वेगवान प्लॅन घेतला जातो किंवा फायरवॉल बंद केली जाते. पहिल्या उपायाने अनेकदा प्रश्न सुटत नाही आणि दुसऱ्याने विद्यार्थ्यांची माहिती धोक्यात येते. जोडणी ही पाच कड्यांची साखळी आहे असे मानून जवळच्या कडीपासून दूरच्या कडीकडे क्रमाने तपासणी केल्यास बहुतेक दोष महाविद्यालयाच्या पातळीवरच ओळखता येतात, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : रिमोट डेस्कटॉप, विलंब, सामायिक पत्ता, फायरवॉल, माहितीची सुरक्षितता

१. प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांसाठी २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. विद्यापीठ जवळ आले, तरी जिल्ह्यांतर्गत अंतरे कमी झाली नाहीत. प्राणहिता व गोदावरीच्या संगमाजवळील सिरोंचा हे तालुक्याचे ठिकाण जिल्हा मुख्यालयापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो, हा दर पावसाळ्यातील अनुभव आहे.

प्रवेश, परीक्षा अर्ज व शिष्यवृत्ती पडताळणी यांच्या मुदती मात्र पुरामुळे थांबत नाहीत. समजा, प्राचार्य बैठकीसाठी गडचिरोलीला आले आहेत, रस्ता बंद झाला आहे आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी लागणाऱ्या नोंदी महाविद्यालयातील कार्यालयीन संगणकावर आहेत. अशा वेळी रिमोट डेस्कटॉप ही सोय न राहता गरज ठरते. जोडणी न झाल्यास त्याची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते. म्हणून तिच्यातील दोष कसे ओळखावेत, हे संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांनीही जाणून घेणे आवश्यक आहे.

२. दूरस्थ जोडणीचे स्वरूप

रिमोट डेस्कटॉपमध्ये कळफलक व माउसच्या हालचाली दूरच्या संगणकाकडे जातात आणि त्याच्या पडद्यावरील बदल परत येतात. प्रत्यक्ष काम दूरच्या संगणकावरच होते. ही सॉफ्टवेअर ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत.

पहिल्या प्रकारात वापरकर्ता दूरच्या संगणकाशी थेट संपर्क साधतो. मायक्रोसॉफ्टची रिमोट डेस्कटॉप प्रणाली या प्रकारची असून ती सामान्यतः ३३८९ क्रमांकाचे पोर्ट वापरते. विंडोजच्या होम आवृत्तीवरून इतर संगणकांशी जोडणी करता येते, पण होम आवृत्ती असलेल्या संगणकाला या प्रणालीने बाहेरून जोडून घेता येत नाही. त्यासाठी प्रोफेशनल, एज्युकेशन किंवा एंटरप्राइज आवृत्ती लागते. दुसऱ्या प्रकारात टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप ही सॉफ्टवेअर मोडतात. त्यांत दोन्ही संगणक प्रथम कंपनीच्या मध्यस्थ सर्व्हरशी संपर्क साधतात व तो त्यांची गाठ घालून देतो. हा फरक लक्षात न घेतल्यास एका प्रकारचा उपाय दुसऱ्यावर करण्याची चूक होते.

३. प्रादेशिक पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला ७४ लोक राहत होते. त्याच वेळी महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती. विरळ वस्ती व दाट वन यांमुळे मनोरे कमी आणि दूरदूर आहेत. नक्षलग्रस्त भागांसाठीच्या केंद्रीय योजनेतून येथे भारत संचार निगमचे मनोरे उभे राहिले. प्रारंभी त्यांवर टूजी सेवाच होती. दहा राज्यांतील अशा २,३४३ मनोऱ्यांवर फोरजी सेवा देण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली व पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने उपग्रहाधारित सेवेसाठी स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले, त्यातही गडचिरोलीचा समावेश आहे.

निसर्गाचाही परिणाम होतो. ओली पाने रेडिओ लहरी शोषतात आणि वारंवारता जितकी अधिक तितके हे शोषणही अधिक असते. आलापल्ली परिसरातील साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो, तर पावसाळ्यात त्याची रुंद पाने भिजलेली असतात. त्यामुळे मे महिन्यात समाधानकारक वाटलेला संकेत ऑगस्टमध्ये क्षीण होऊ शकतो. नवीन जोडणीची चाचणी केवळ उन्हाळ्यात घेऊन निर्णय करणे म्हणूनच योग्य नव्हे.

४. निदानाचा क्रम

तपासणी करताना दोन नियम पाळावेत. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी. पाच गोष्टी एकदम बदलल्यास जोडणी सुरू होईलही, पण दोष कोठे होता हे कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

पहिली कडी : दूरचा संगणक. सर्वप्रथम तो संगणक सुरू आहे काय, हे कार्यालयात दूरध्वनी करून विचारावे. काही काळ वापर न झाल्यास निद्रावस्थेत जाण्याची सोय संगणकात असते व त्या अवस्थेत बाहेरून जोडणी होत नाही. ती सोय बंद ठेवावी. वीज गेल्यावर संगणक बंद पडतो आणि वीज परतल्यावर आपोआप सुरू होत नाही. बहुतेक संगणकांच्या बायोस मांडणीत तो आपोआप सुरू व्हावा अशी निवड उपलब्ध असते. यूपीएसवर संगणक असतो, पण राउटर व तंतुजोडणीची पेटी भिंतीवरील साध्या सॉकेटवर असते, हाही नेहमी आढळणारा दोष आहे. अशा वेळी संगणक चालू राहूनही जोडणी तुटते.

दुसरी कडी : आंतरजाल. विंडोजमधील पिंग या आज्ञेने क्रमाने तीन ठिकाणे तपासावीत : स्वतःचा राउटर, बाहेरील एखादा अंकी पत्ता (उदा. ८.८.८.८) आणि एखाद्या संकेतस्थळाचे नाव. राउटर उत्तर देत नसेल तर दोष इमारतीतच आहे. राउटर उत्तर देतो पण बाहेरील पत्ता देत नाही, तर सेवापुरवठादाराकडे चौकशी करावी. अंकी पत्ता उत्तर देतो पण नाव ओळखले जात नाही, तर नावाचे पत्त्यात रूपांतर करणाऱ्या डीएनएस सेवेत दोष आहे. मात्र विंडोजची फायरवॉल पिंगला सहसा उत्तर देत नाही. त्यामुळे दूरच्या संगणकाकडून पिंगचे उत्तर न येणे हा तो बंद असल्याचा पुरावा मानू नये.

तिसरी कडी : पत्ता. या जिल्ह्यांत मोबाइल सिमवर चालणाऱ्या राउटरचा वापर होत असल्याने ही कडी विशेष महत्त्वाची आहे. आयपी पत्त्यांच्या टंचाईमुळे सेवापुरवठादार अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. मोठ्या वसतिगृहाच्या सर्व खोल्यांना टपालासाठी एकच पत्ता असावा आणि बाहेरच्याला खोली क्रमांक ठाऊक नसावा, तशी ही स्थिती असते. आतून बाहेर पत्र जाते, पण बाहेरून नेमक्या खोलीपर्यंत पत्र पोहोचत नाही. राउटरच्या मांडणीत बाह्य पत्ता १००.६४ ते १००.१२७ या गटातील दिसत असेल, किंवा तो पत्ता आणि संकेतस्थळांना दिसणारा पत्ता वेगवेगळे असतील, तर पत्ता सामायिक आहे असे समजावे. अशा जोडणीत राउटरवर पोर्ट उघडण्याचा खटाटोप व्यर्थ ठरतो. मध्यस्थ सर्व्हरचे सॉफ्टवेअर वापरणे, सार्वजनिक पत्ता असलेल्या सर्व्हरमार्फत व्हीपीएन उभारणे किंवा सेवापुरवठादाराकडून स्थिर पत्ता घेणे हे येथील उपाय होत.

चौथी कडी : प्रवेशद्वार. दूरचा संगणक ज्या कार्यालयात आहे, तेथीलच दुसऱ्या संगणकावरून त्याच्याशी जोडणी करून पाहावी. ती झाली तर संगणक निर्दोष असून अडथळा बाहेरच्या मार्गात आहे. ती झाली नाही तर रिमोट डेस्कटॉपची परवानगी, फायरवॉलचा नियम व अँटिव्हायरसची स्वतंत्र फायरवॉल तपासावी. नवा राउटर बसविल्यावर विंडोज त्या जाळ्याला सार्वजनिक वर्गात टाकू शकते व त्या वर्गाचे नियम अधिक कडक असू शकतात. राउटर बदलल्यापासून जोडणी बंद अशी तक्रार असेल तेव्हा हा मुद्दा प्रथम पाहावा.

पाचवी कडी : ओळख. जोडणी पोहोचते पण प्रवेश नाकारला जातो, तेव्हा दोष जाळ्यात नसतो. विंडोज पासवर्ड नसलेल्या खात्याला दुरून प्रवेश देत नाही. मे २०१८ मधील सुरक्षा सुधारणेनंतर अद्ययावत केलेला व न केलेला असे दोन संगणक परस्परांना नाकारू लागले होते. दोन्ही अद्ययावत करणे हाच त्यावरील योग्य उपाय होता. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील छोटी बॅटरी संपल्यास तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि सुरक्षा प्रमाणपत्र अवैध ठरते. अल्प किमतीची ही बॅटरी बदलून तारीख दुरुस्त केल्यास अनाकलनीय वाटणारा दोष दूर होतो.

५. वेग आणि विलंब

जोडणी होते, पण टंकलेले अक्षर पडद्यावर उशिरा उमटते, अशी तक्रार असते तेव्हा बँडविड्थ आणि विलंब यांतील भेद समजून घ्यावा. बँडविड्थ म्हणजे रस्त्याची रुंदी, विलंब म्हणजे त्या रस्त्याने जाऊन परत येण्यास लागणारा वेळ. कार्यालयीन मजकुराच्या कामाला फार रुंद रस्ता लागत नाही, पण प्रत्येक कळ दाबल्यावर जाणे-येणे घडावे लागते.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद व उत्तर त्याच मार्गाने येण्यास आणखी पाव सेकंद लागतो. हा अर्धा सेकंद प्रकाशाच्या वेगाने ठरलेला असल्याने महागडा प्लॅन घेऊन तो कमी होत नाही. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या सेवेत हा विलंब पुष्कळ कमी असतो.

विलंब कमी करता येत नसेल तेथे ओझे कमी करावे. पार्श्वभूमीचे चित्र व दृश्य परिणाम बंद करावेत, रंगांची पातळी १६ बिटवर आणावी, मुद्रक व ड्राइव्ह यांची जोडणी काढून टाकावी. पिंग शंभर वेळा पाठवून किती उत्तरे हरवतात ते मोजावे. शंभरांपैकी आठ-दहा उत्तरे हरवत असतील, तर वेग चांगला दिसूनही जोडणी तुटत राहील. मायक्रोसॉफ्टची प्रणाली २०१२ पासून टीसीपीबरोबर यूडीपी पद्धतीही वापरते. पडदा वारंवार गोठत असल्यास यूडीपी बंद करून पाहावे. पासवर्ड स्वीकारला जातो व नंतर केवळ काळा पडदा दिसतो, तेव्हा लहान पाकिटे जातात पण मोठी अडतात अशी शक्यता असते. पाकिटाचा कमाल आकार सामान्यतः १५०० बाइट असतो, काही ब्रॉडबँड जोडण्यांत तो १४९२ असतो आणि व्हीपीएनमध्ये त्याहून कमी. राउटरवर तो कमी करून पाहणे हा येथील उपाय आहे.

६. सुरक्षिततेचा प्रश्न

तातडीच्या वेळी फायरवॉल बंद करून ३३८९ पोर्ट सर्व जगासाठी उघडण्याचा सल्ला दिला जातो. तो स्वीकारू नये. उघडे पोर्ट शोधून पासवर्डचा अंदाज घेणारे स्वयंचलित प्रोग्राम आंतरजालावर अखंड कार्यरत असतात. मे २०१९ मध्ये उघड झालेला ब्लूकीप हा दोष इतका गंभीर होता, की मायक्रोसॉफ्टने पाठबळ थांबविलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती प्रसिद्ध केली. मध्यस्थ सॉफ्टवेअरही आपोआप निर्धोक ठरत नाही. एनीडेस्कचा वापर करून होणाऱ्या आर्थिक फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये सावध केले होते. तेथे दोष सॉफ्टवेअरपेक्षा अनोळखी व्यक्तीला नऊ अंकी क्रमांक सांगण्यात होता.

महाविद्यालयाच्या संगणकावर विद्यार्थ्यांचे जातप्रमाणपत्र, आधार क्रमांक व बँक खाते यांचा तपशील असतो. आदिवासी विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीचा आधार हीच कागदपत्रे आहेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नेही अशी माहिती सुरक्षित राखण्याची जबाबदारी माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. म्हणून व्हीपीएन, दुहेरी पडताळणी, दूरस्थ प्रवेशासाठी स्वतंत्र मर्यादित खाते आणि काम संपताच बाहेर पडण्याची शिस्त या चार गोष्टी किमान आवश्यक मानाव्यात. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने अशा संगणकांचाही प्राधान्याने विचार व्हावा.

७. निष्कर्ष व शिफारशी

१) जोडणी होत नाही हे लक्षण आहे, निदान नव्हे. संगणक, आंतरजाल, पत्ता, प्रवेशद्वार व ओळख या क्रमाने तपासणी केल्यास दोषाचे स्थान निश्चित करता येते.

२) वनव्याप्त जिल्ह्यांत वीजपुरवठा, सामायिक पत्ता आणि विलंब ही तीन कारणे आधी तपासावीत. प्लॅन बदलण्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा.

३) प्रत्येक महाविद्यालयाने एक नोंदवही ठेवावी. तीत दिनांक, वेळ, हवामान, वीजस्थिती, पिंगचा कालावधी व हरवलेली उत्तरे लिहावीत. महिनाभराच्या अशा नोंदी सोबत असल्या, तर सेवापुरवठादाराकडे केलेल्या तक्रारीला आधार मिळतो.

४) चाचणी पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यात एकदा घ्यावी. परीक्षा व शिष्यवृत्तीच्या मुदतीपूर्वी आवश्यक नोंदींची सांकेतिक कुलूप लावलेली प्रत दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी ठेवावी.

५) ही तपासणी किमान दोन कर्मचाऱ्यांना शिकवावी. दूरच्या संगणकाजवळ उभे राहून राउटरचा दिवा कोणत्या रंगाचा आहे हे दूरध्वनीवर अचूक सांगणारा कर्मचारी असेल, तर अर्धे निदान तेथेच होते.

रस्ता पुराखाली असताना विद्यार्थ्याचा अर्ज मुदतीत पोहोचावा, यासाठी हे सर्व करावयाचे आहे. त्याची तयारी पूर येण्याआधी झाली पाहिजे.