आधी दुर्बीण, मग बंदूक

सप्टेंबर महिना उजाडेपर्यंत इंग्लंडच्या पूर्व आणि दक्षिण भागातील गव्हाची कापणी बहुतेक आटोपलेली असते. मैलोन्‌मैल पसरलेल्या शेतांत पिवळी धसकटे तेवढी उरतात. अशा वेळी एखाद्या गावरस्त्याच्या कडेला मोटार उभी करून, काच खाली घेऊन, दुर्बिणीतून दूरच्या शेताकडे टक लावून बसलेला माणूस दिसला, तर तो पक्षीनिरीक्षकच असेल असे नाही. रानकबुतरांच्या मागावर निघालेला बंदूकधारीही असू शकतो. त्याच्या दिवसाचा मोठा भाग अशा पाहण्यातच जातो. कबुतरे कुठे उतरतात, काय खातात आणि कोणत्या वाटेने येतात, हे कळल्याखेरीज बंदूक बाहेर काढण्यात अर्थ नसतो. ब्रिटनमधील कायद्यामुळे या पाहणीला आणखी एक महत्त्व आले आहे. कबूतर सापडले एवढ्यावर ते मारता येत नाही; त्याच्यामुळे कोणाच्या पिकाचे गंभीर नुकसान होत आहे किंवा होऊ घातले आहे, हेही सांगता यावे लागते.

कोण हे रानकबूतर?

इंग्रजीत ज्याला ‘वुड पिजन’ म्हणतात, तो पक्षी आपल्या शहरांतील इमारतींच्या वळचणीला घुमणाऱ्या पारव्याचा भाऊबंद. पण अंगाने बराच थोराड. लांबी सुमारे ४० सेंटिमीटर, वजन अर्धा किलोच्या आसपास, राखाडी पाठ, गुलाबीसर छाती, मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा ठिपका आणि उडताना पंखांवर ठळक दिसणारा पांढरा पट्टा, ही त्याची ओळख. मूळचा हा जंगलातला पक्षी. शेती वाढली तसा तो शेतावर पोसला गेला. आज ब्रिटनमध्ये त्याच्या सुमारे ५० लाख जोड्या वीण करतात, असा पक्षी-गणनांचा अंदाज आहे.

शेतकऱ्याच्या लेखी तो मोठा उपद्रवी. वाटाणा, कोबी, फ्लॉवर, क्लोव्हरचा चारा आणि विशेषतः ‘ऑइलसीड रेप’ हे मोहरीच्या कुळातील तेलबियांचे पीक, यांवर त्याचे थवे तुटून पडतात. कोवळी पाने आणि वाढीचे शेंडे खुडले गेले की रोप खुरटते, पीक एकसारखे पिकत नाही आणि काढणीचे वेळापत्रक विसकटते.

शरदातील फिरता दाणापाणी

कबुतरांचा शोध म्हणजे खरे तर त्यांच्या अन्नाचा शोध. शरद ऋतूत हे अन्न आठवड्या-आठवड्याला बदलते, म्हणूनच हा काळ अनुभवी माणसालाही चकवतो.

ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात कापणीयंत्रातून सांडलेले गहू-बार्लीचे दाणे, वाटाणा आणि घेवड्याच्या धसकटांतील गळालेले दाणे, यांवर थवे जमतात. मात्र अशी शेते फार दिवस टिकत नाहीत. नांगर फिरला की दाणे मातीआड जातात आणि कालपर्यंत कबुतरांनी गजबजलेले शेत आज ओस पडते. मग नव्याने पेरलेल्या शेतांकडे त्यांचा मोर्चा वळतो. रेपची पेरणी ऑगस्ट-सप्टेंबरात होते. त्याची दोन पाने मातीबाहेर आली की ती अगदी नाजूक असतात. हिवाळी गव्हाची पेरणी त्यानंतर सुरू होते आणि वर राहिलेले दाणे टिपायला कबुतरे हजर होतात.

ऑक्टोबर लागला की वेगळेच घडते. ओक वृक्षांची फळे पिकून गळू लागतात, बीचची बोंडे उकलतात. ज्या वर्षी या झाडांना भरघोस फळ धरते, त्या वर्षी कबुतरे आठवडेच्या आठवडे शेतांकडे फिरकत नाहीत. रानातच पोट भरतात. ‘कबुतरे गेली कुठे?’ हा प्रश्न दर शरदात ऐकू येतो, त्याचे उत्तर पुष्कळदा जवळच्या ओकखालीच असते. रानातला हा साठा संपत आला, थंडीचा कडाका वाढला, की थवे पुन्हा क्लोव्हर आणि रेपच्या हिरव्या शेतांत उतरतात.

शोध कसा घेतला जातो?

पहिली गोष्ट म्हणजे गावातील शेतकऱ्यांशी बोलणे. कोणते शेत केव्हा कापले, कुठे नांगर चालू आहे, कुठे पेरणी झाली, ही माहिती हाताशी असली की फिरण्याचे निम्मे श्रम वाचतात. त्यानंतर उंचवट्यावरून निरीक्षण. शेतात चरणारी कबुतरे दुरून चटकन दिसत नाहीत, राखाडी पाठ मातीत मिसळून जाते. उतरणारे आणि उठणारे पक्षी मात्र पंखांवरील पांढऱ्या पट्ट्यामुळे लक्ष वेधून घेतात. एकाच दिशेने दोन-दोन, चार-चार पक्षी जात राहिले, तर त्या दिशेला अन्न आहे असे समजावे.

कबुतरांच्या येण्याजाण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. झाडोऱ्याची कुंपणे, ओढ्याकाठची झाडे, दरीचा उतार, रेल्वेमार्ग यांच्या रेषेने ती उडतात. शेताजवळच्या एखाद्या उंच, विरळ फांद्यांच्या झाडावर ती आधी येऊन बसतात, चौफेर पाहतात आणि मगच खाली उतरतात. अशा झाडाखाली विष्ठेचा आणि पिसांचा सडा आढळतो. शेतात उतरून पाहिले तर खुडलेली पाने आणि ताजी विष्ठा दिसते.

वेळही पाहावी लागते. पहाटे रातथाऱ्यावरून निघालेली कबुतरे सकाळी चरतात, मधल्या वेळी झाडांवर विसावतात आणि दिवस मावळण्यापूर्वी पुन्हा चरून गळ्यातील अन्नपिशवी भरून घेतात. सकाळी नऊला रिकामे दिसलेले शेत दुपारी दोनला भरलेले असू शकते. त्यामुळे एकाच शेताला वेगवेगळ्या वेळी भेट दिल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. मारलेल्या पक्ष्याची अन्नपिशवी उघडून पाहण्याची जुनी पद्धतही उपयोगी पडते. पक्षी गव्हाच्या शेतात पडला असला आणि पिशवीत ओकची फळे निघाली, तर तो त्या शेतावरून केवळ जात होता, हे उघड होते.

लपण आणि नकली कबुतरे

जागा निश्चित झाली की कुंपणाच्या झाडोऱ्याला लागून, जाळी आणि काठ्या वापरून लपण उभारले जाते. कबुतराची नजर विलक्षण तीक्ष्ण असते. उघडा चेहरा किंवा हाताची किंचित हालचालही त्याला बुजवते. लपणापासून वीस-पंचवीस मीटरवर दहा-बारा नकली कबुतरे मांडतात. मांडणी बहुधा घोड्याच्या नालेसारखी असते आणि मधली जागा मोकळी सोडतात. कबूतर वाऱ्याकडे तोंड करून उतरते. म्हणून वारा पाठीशी घेऊन बसले की पक्षी समोरून येऊन त्या मोकळ्या जागेकडे झेपावतो. बॅटरीवर गरगर फिरणारी यंत्रेही आता वापरली जातात. वारा पडलेल्या दिवशी कबुतरे उंचावरून जातात आणि फसत नाहीत. वाहत्या वाऱ्याचा दिवस त्यामुळे चांगला मानतात. छऱ्यांच्या बंदुकीचा पल्ला मर्यादित असतो. तीस-पस्तीस मीटरपलीकडच्या पक्ष्यावर बार टाकला, तर तो जखमी होऊन दूर जाऊन मरण्याचा संभव वाढतो, म्हणून संयमी माणूस असा बार टाकत नाही.

कायदा काय सांगतो?

ब्रिटनमध्ये १९८१च्या ‘वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड’ कायद्याने सर्वच रानपक्ष्यांना संरक्षण आहे. तितर, रानबदक यांसारख्या शिकारीच्या पक्ष्यांसाठी शिकारीचा हंगाम ठरवून दिलेला असतो. रानकबूतर त्या यादीत नाही. त्याला मारण्याची मुभा मिळते ती ‘सर्वसाधारण परवान्या’तून. या परवान्यासाठी अर्ज करावा लागत नाही, मात्र त्यातील अटी प्रत्येकाला बंधनकारक असतात. बंदुकीसाठी पोलिसांचे प्रमाणपत्र आणि जमीनमालकाची परवानगी या गोष्टी वेगळ्या.

अनेक वर्षे या अटींकडे फारसे कोणी लक्ष देत नसे. २०१९च्या फेब्रुवारीत ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेने परवान्यांच्या वैधतेला आव्हान दिले. ख्रिस पॅकहॅम, मार्क एव्हरी आणि रूथ टिंगे हे तिचे संस्थापक. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस इंग्लंडच्या ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी यंत्रणेने तीन परवाने रद्द केले आणि ऐन पेरणी-उगवणीच्या दिवसांत शेतकऱ्यांमध्ये मोठी खळबळ उडाली. पुढे पर्यावरण खात्याने सूत्रे हाती घेऊन जूनमध्ये नवे परवाने काढले. जानेवारी २०२१पासून इंग्लंडमध्ये पीकनुकसानीसाठी ‘जीएल ४२’ हा परवाना आला. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांची व्यवस्था स्वतंत्र आहे.

या परवान्याचा गाभा असा, की गंभीर नुकसान टाळणे हाच पक्षी मारण्याचा हेतू असला पाहिजे. केवळ हौस किंवा मांस मिळवणे हे कारण चालत नाही. शिवाय गॅसवर चालणाऱ्या आवाजी तोफा, पतंग, झेंडे, जाळ्या अशा बिनहत्येच्या उपायांचाही वाजवी अवलंब व्हायला हवा.

धसकटांचा पेच

शरदातील खरी अडचण येथे सुरू होते. सप्टेंबरात सर्वांत जास्त कबुतरे दिसतात ती धसकटांच्या शेतात. तेथे ती सांडलेले दाणे खातात. हे दाणे शेतकऱ्याच्या हाती तसेही येणार नसतात; म्हणजे त्या शेतापुरते नुकसान शून्य. थवा मोठा आहे, लपणाला जागा उत्तम आहे, वाराही चांगला आहे, एवढ्यावर तेथे बंदूक चालवणे परवान्यात बसत नाही. शेजारच्या शेतात नुकतेच उगवलेले रेप आहे, तोच थवा तेथेही उतरतो आणि तोफा लावूनही हटत नाही, असे असेल तर गोष्ट निराळी. मात्र हा संबंध सांगायचा तर तो आधी डोळ्यांनी पाहिलेला हवा. कोणत्या दिवशी किती पक्षी दिसले, ते कुठून कुठे गेले, कोणते उपाय करून पाहिले, याची वहीतली नोंद अशा वेळी उपयोगी पडते.

पाहण्याची गरज आणखी एका कारणाने आहे. ‘स्टॉक डव्ह’ हा संरक्षित पक्षी पुष्कळदा याच थव्यांत मिसळलेला असतो. तो थोडा लहान असून त्याच्या मानेवर आणि पंखांवर पांढरी खूण नसते. आफ्रिकेकडे परतण्याच्या तयारीत असलेला ‘टर्टल डव्ह’ हा होल्याच्या जातीचा पक्षी सप्टेंबरात अजून कुठेकुठे दिसतो. ब्रिटनमधील त्याची संख्या झपाट्याने घटली आहे. शर्यतीची पाळीव कबुतरे तर कोणाच्या तरी मालकीची असतात. मनाची खात्री पटेपर्यंत बंदूक न उचलणे हाच येथे नियम. रानकबुतराची वीणही सप्टेंबरात चालूच असते. त्या काळात पाडलेल्या पक्ष्यामागे घरट्यात पिल्ले उपाशी राहू शकतात, हे वास्तवही नजरेआड करता येत नाही.

संख्या खरोखर घटते का?

विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश सरकार कबुतरे मारण्यासाठी काडतुसांवर सवलत देत असे. आर. के. मर्टन या शास्त्रज्ञाने केंब्रिजशायरमधील कार्लटन येथे केलेल्या दीर्घ अभ्यासातून वेगळेच चित्र समोर आले. हिवाळ्यात किती कबुतरे जगतात हे मुख्यतः क्लोव्हरच्या उपलब्धतेवर ठरत होते. बंदुकीने मेलेल्यांतील अनेक पक्षी उपासमारीने मरणारच होते. १९६५ साली प्रसिद्ध झालेले ‘द वुड पिजन’ हे त्यांचे पुस्तक आजही या विषयावरील महत्त्वाचे पुस्तक मानले जाते. पुढे १९७०नंतर हिवाळ्यात हिरव्या राहणाऱ्या रेपची लागवड वाढली, कबुतरांचा उपासाचा काळ टळला आणि त्यांची संख्या भराभर वाढली. बंदुकीमुळे देशभरची संख्या आटोक्यात येत नाही. ठरावीक शेत, नाजूक अवस्थेतील पीक आणि मोजके दिवस, एवढ्यापुरता तिचा उपयोग राहतो. नेमके शेत आणि नेमका दिवस शोधण्याला महत्त्व आहे ते यामुळेच.

मारलेली कबुतरे बहुधा वाया जात नाहीत. त्यांचे गडद तांबडे मांस घरोघरी आणि उपाहारगृहांत खाल्ले जाते. मात्र त्यातील शिशाच्या कणांचा प्रश्न आता ऐरणीवर आला आहे. २०२५च्या जुलैत ब्रिटिश सरकारने शिशाच्या छऱ्यांवर बंदी आणण्याचा निर्णय जाहीर केला असून पोलाद व इतर पर्यायांकडे वळण्यासाठी तीन वर्षांची मुदत ठेवली आहे.

पिके आणि वन्यजीव यांचा हा झगडा महाराष्ट्राला अनोळखी नाही. येथे रानडुकरे आणि रोही यांनी शेतकऱ्याला जेरीस आणले आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. उभ्या पिकाला धोका ठरणाऱ्या काही प्राण्यांबाबत कलम ११खाली वनाधिकारी लेखी कारणे देऊन परवानगी देऊ शकतात. येथे कारण लिहिण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची असते. इंग्लंडमध्ये ती कुंपणाआड बसलेल्या माणसावर येते. शेतकरी किंवा पोलीस विचारतील तेव्हा त्याला शेजारच्या कोवळ्या पिकाकडे बोट दाखवता आले पाहिजे. ते दाखवता येत नसेल, तर नकली कबुतरे पिशवीत भरून घरी परतणेच त्याच्या हाती राहते.